खोक्यातला कोळशाचा कारखाना



दगडी कोळसा आपण सर्वांनी पाहिला आहे. गावाजवळच्या रुळावरून त्याच्या मालगाड्या जातात. मी एकदा वाघिणी मोजल्या, त्या ५८ भरल्या. पण खाणीतून निघालेला कोळसा जसाच्या तसा वापरता येतोच असे नाही. त्यात दगड येतो, माती येते, कधी लोखंडाचा तुकडाही येतो. मोठे ढेकूळ आणि बारीक भुकटी सगळे एकत्र असते. ते वेगवेगळे करायला एक मोठा कारखाना असतो. त्या कारखान्याचे छोटे मॉडेल यंदा आमच्या वर्गाने जोडले. ते ऑफिसातल्या टेबलावर ठेवले आहे. ते कसे जोडतात, खऱ्या कारखान्यात काय चालते आणि कोणत्या दोन गोष्टी खोक्यात येत नाहीत, हे मी सांगणार आहे.

खोके कुठून आले?

आमच्या गुरुजींच्या ओळखीचे एक गृहस्थ अमेरिकेत राहतात. त्यांनी हे खोके शाळेला भेट दिले. तिकडे पुष्कळ माणसांना छोटी आगगाडी करण्याचा छंद असतो. लहान मुलांनाच नाही, आजोबांनासुद्धा! ते खोलीभर रूळ मांडतात. नुसती गाडी असून काय उपयोग? स्टेशन पाहिजे, पूल पाहिजे, कारखाना पाहिजे. म्हणून अशा इमारतींचे सुटे भाग खोक्यात घालून विकतात. वॉल्थर्स नावाची एक कंपनी १९३२ साली मिलवॉकी शहरात सुरू झाली. आमचे खोके तिचेच आहे. त्यावर 'न्यू रिव्हर मायनिंग कंपनी' असे नाव आहे. न्यू रिव्हर ही अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यातली नदी आहे. तिच्या खोल दरीत कोळशाच्या पुष्कळ खाणी होत्या. १८७३ साली त्या दरीतून रेल्वे सुरू झाली आणि मग तिथला कोळसा बाहेर जाऊ लागला.

माप कसे धरतात?

खऱ्या वस्तूच्या ८७ सें.मी. ला मॉडेलमध्ये १ सें.मी. धरतात. या मापाला 'एच-ओ' म्हणतात. 'ओ' नावाचे एक मोठे माप आहे, त्याचे हे हाफ, म्हणजे निम्मे. एकदा माप कळले की भागाकार करायला फार मजा येते. १७४ सें.मी. उंचीचा माणूस २ सें.मी.चा होतो. आमचे गुरुजी बरोबर २ सें.मी. झाले! माझी उंची १३० सें.मी. आहे. मी दीड सें.मी.चा होतो, म्हणजे चिमणीच्या घासाएवढा.

अमेरिकेतल्या रुळांमधले अंतर १४३५ मि.मी. असते. मॉडेलमध्ये ते साडेसोळा मि.मी. आहे. आपल्याकडच्या मोठ्या रुळांमधले अंतर १६७६ मि.मी. असते. त्याला ८७ ने भागले तर १९ मि.मी.हून थोडे जास्त येते. म्हणजे आपली मालगाडी याच मापाने लहान केली तरी या रुळावर चालणार नाही. चाके बाहेर पडतील.

पण सगळेच मापाप्रमाणे करता येत नाही. न्यू रिव्हरच्या दरीत नटलबर्ग नावाचे खाणीचे गाव होते. तिथे कोळसा डोंगरावरून खाली आणणारा एक झाकलेला लांब मार्ग १३८५ फूट, म्हणजे सुमारे ४२२ मीटर होता. ८७ ने भागले तर जवळजवळ ४ मीटर ८५ सें.मी. येतात. एवढे मॉडेल आपल्या व्हरांड्यात ठेवावे लागले असते, आणि ते कोणाच्या खोक्यात बसणार? म्हणून मॉडेल करणारे लोक लांब गोष्टी आखूड करतात, पण दार, खिडकी, जिना मापाप्रमाणे ठेवतात. त्यामुळे डोळ्यांना ते खरे वाटते.

जोडणी

खोके उघडले तेव्हा आत इमारत नव्हतीच. प्लास्टिकच्या चौकटी होत्या. चौकटीला भिंती, खिडक्या, जिने, खांब बारीक देठांनी चिकटलेले होते, जशा वेलाला शेंगा. प्रत्येकाजवळ आकडा होता. सोबत चित्रांचा कागद होता. त्यावरचे इंग्रजी गुरुजी वाचत आणि आम्ही आकडा शोधत असू.

कृती अशी आहे :

१) लागेल तेवढाच भाग नेलकटरने देठाजवळ कापावा. हाताने पिरगाळून तोडू नये. तोडला तर कड तुटते.
२) राहिलेला देठ पॉलिश पेपरने घासून सपाट करावा.
३) चिकटवण्याआधी दोन्ही भाग नुसते लावून पाहावेत.
४) मग गोंद लावावा. हा गोंद आपल्या डिंकासारखा नसतो. तो प्लास्टिक थोडे वितळवतो आणि दोन्ही तुकडे एकजीव होतात. म्हणून एकच थेंब पुरतो. त्याचा वास उग्र असतो. खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि मोठे माणूस जवळ असावे.
५) कोपरा काटकोनात आहे का ते कंपासपेटीतल्या गुण्याने पाहावे. वाळेपर्यंत रबरबँड लावून ठेवावा.

भिंती पन्हाळीच्या पत्र्यासारख्या आहेत. गोठ्यावर असतो ना, तसा पत्रा. आम्ही त्यांना राखी रंग दिला. मग तपकिरी रंगात ब्रश बुडवून, तो कागदावर पुसून, जवळजवळ कोरडाच भिंतीवरून फिरवला. त्याने पत्रा गंजल्यासारखा दिसतो. शनिवारची शाळा सुटल्यावर आम्ही बसत होतो. असे सहा शनिवार लागले.

टिपल म्हणजे काय?

अशा इमारतीला तिकडे 'टिपल' म्हणतात. पूर्वी खाणीतून कोळशाचे छोटे डबे रुळावरून येत. ते वर नेऊन कलंडवत. 'टिप' म्हणजे कलंडवणे, म्हणून टिपल. आपण घमेले उपडे करतो तसेच ते.

ही इमारत उंच खांबांवर उभी असते, आणि तिच्या पोटाखालून रूळ जातात. एवढी उंच कशाला, असे मी विचारले. गुरुजी म्हणाले, "कोळसा एकदा वर नेला की पुढचं काम फुकटात होतं." कोळसा आपल्याच वजनाने एका मजल्यावरून खालच्या मजल्यावर पडतो. शेवटी खाली उभ्या असलेल्या वाघिणीत पडतो. पीठगिरणीत धान्य वरच्या डब्यात ओततात आणि पीठ खाली येते, तसेच.

खाली एकाहून जास्त रूळ असण्याचेही कारण आहे. एकेका रुळावर एकेका आकाराचा कोळसा भरतात. त्या आकारांची नावे मजेशीर आहेत. मोठ्या ढेकळाला लंप म्हणतात. त्याहून लहान असेल तो एग, म्हणजे अंडे. त्याहून लहान नट, आणि भुकटीला स्लॅक. घराच्या शेगडीला वेगळा आकार लागे, कारखान्याच्या भट्टीला वेगळा.

आत काय चालते?

मॉडेलच्या आत पोकळ आहे. खऱ्या कारखान्यात आत काय चालते ते गुरुजींनी फळ्यावर चित्र काढून समजावले. ते असे आहे.

पहिले काम चाळणे. मोठ्या लोखंडी चाळण्या सारख्या हलत असतात. मोठे वर राहते, बारीक खाली पडते. लोहचुंबकाने लोखंडाचे तुकडे ओढून घेतात.

दुसरे काम फोडणे. फार मोठी ढेकळे दातेरी रुळांमधून जातात आणि फुटतात. ढेकूळ फुटले की आत अडकलेला दगडही मोकळा होतो.

तिसरे काम धुणे. हे ऐकून माझी आजी हसायला लागली. ती म्हणाली, "काऊन गा, कोळसा भी धुतेत का? धुतला तं पांढरा होते का? कोळसा किती भी उगाळा, काळाच!"

पण हे धुणे पांढरा करण्यासाठी नाही, दगड काढण्यासाठी आहे. आणि ते कसे करतात हे आजीला आपल्यापेक्षा चांगले माहीत आहे. तांदळात खडे असले की आजी तांदूळ रोळते. पाण्यात तांदूळ घालून भांडे हलवत राहते. तांदूळ हलका म्हणून पाण्याबरोबर वर येतो आणि दुसऱ्या भांड्यात जातो. खडे जड म्हणून तळाशी राहतात. कारखान्यातल्या एका यंत्राला जिग म्हणतात. त्यात चाळणीवर कोळसा असतो आणि खालून पाणी वर-खाली, वर-खाली ढकलतात. हळूहळू कोळसा वर आणि दगड खाली असे थर होतात. हे मी आजीला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "मंग असं सांग ना बाप्पा, रोळतेत म्हणून!"

असे का होते? एक लिटर पाणी एक किलो भरते. तेवढ्याच जागेचा चांगला कोळसा साधारण १ किलो ३०० ग्रॅम भरतो, आणि दगड साधारण अडीच किलो. कोळसाही पाण्यात बुडतो, पण सावकाश. दगड पटकन बुडतो.

दुसरी रीत तर आणखी छान आहे. पाणीच जड करायचे! त्यासाठी मॅग्नेटाइट नावाच्या लोखंडी दगडाची अगदी बारीक पूड पाण्यात कालवतात. मग ते पाणी कोळशाहून जड पण दगडाहून हलके होते. त्यात टाकले की कोळसा चक्क तरंगतो आणि दगड तळाला जातो. नंतर लोहचुंबकाने ती पूड गोळा करून परत वापरतात.

याचा प्रयोग घरी करता येतो. एका भांड्यात साधे पाणी घ्या. त्यात कोंबडीचे ताजे अंडे सोडा. ते बुडते. आता पाण्यात मीठ घालून हळू ढवळा. चार-पाच चमचे घातले की अंडे वर येऊन तरंगते. अंडे तेच आहे, फक्त पाणी जड झाले. आमच्या वर्गात हा प्रयोग झाला तेव्हा सर्वांनी टाळ्या वाजवल्या. (अंडे नंतर उकडून खाता येते.)

अगदी बारीक भुकटी उरते, ती फेसाने वेगळी करतात. पाण्यात थोडे तेलासारखे औषध घालून खालून हवा सोडतात. कोळशाचे कण बुडबुड्यांना चिकटून वर येतात. मातीचे कण चिकटत नाहीत, खालीच राहतात.

चौथे काम वाळवणे. ओला पंचा गरगर फिरवला की पाणी उडते. तसा कोळसा एका फिरत्या पिंपात फिरवतात. शेवटी तो वाघिणीत भरतात.

एवढा खटाटोप कशासाठी?

मी एक गणित केले. समजा एका वाघिणीत ६० टन माल आहे आणि त्यात चौथा हिस्सा दगड आहे. म्हणजे १५ टन दगड. अशा ५८ वाघिणी. १५ गुणिले ५८ बरोबर ८७० टन. एवढा दगड इंजिनाने शेकडो किलोमीटर ओढायचा, आणि तिथे गेल्यावर तो जळतच नाही! उलट त्याची राख होते आणि ती टाकायला जागा लागते. आपल्या देशातल्या कोळशात राख जास्त असते. १०० किलो कोळसा जाळला तर पुष्कळदा ३० ते ४० किलो राख उरते. ती कोळशात इतकी बारीक मिसळलेली असते की धुऊनही सगळी निघत नाही. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातही कोळसा धुण्याचे कारखाने आहेत. लोक त्यांना वॉशरी म्हणतात.

खोक्यात नसलेली पहिली गोष्ट : हात

मॉडेल पुरे झाले तेव्हा मी खिडकीतून आत पाहिले. आत कोणीच नव्हते. मी गुरुजींना विचारले, "जिग नव्हतं तेव्हा दगड कोण काढत होतं?" गुरुजी थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुझ्याएवढी मुलं." त्यांनी मोबाइलवर एक जुना फोटो दाखवला.

तो फोटो लुईस हाइन नावाच्या गृहस्थांनी काढला आहे. ते आधी शाळेत शिक्षक होते. मग कामावर जाणाऱ्या मुलांचे फोटो काढत ते अमेरिकाभर फिरले. १९०८ साली ते वेस्ट व्हर्जिनियात गेले होते. मी पाहिलेला फोटो शेजारच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातला आहे. तो जानेवारी १९११ मध्ये साउथ पिट्स्टन इथे काढला. फोटोत कोळशाचा कारखाना आतून दिसतो. मुलांच्या रांगाच रांगा आहेत. सगळी वाकून बसली आहेत. धुळीने नीट दिसत नाही. मागे एक मोठा माणूस काठी घेऊन उभा आहे.

त्या मुलांना ब्रेकर बॉय म्हणत. उतरत्या पन्हाळीतून कोळसा वाहत येई. मुले आडव्या फळीवर बसत आणि पाय पन्हाळीत सोडत. समोरून जाणाऱ्या कोळशातला दगड हाताने वेचून बाजूला टाकत. दिवसाचे दहा तास, आठवड्याचे सहा दिवस. हातमोजे घालू देत नसत, कारण मोज्यांतून दगड हाताला कळत नाही. बोटे सुजून रक्त येई. नाकातोंडात धूळ जाई. कधी कोणी पन्हाळीत पडे किंवा यंत्रात सापडे.

१२ वर्षांखालील मुलाला त्या कारखान्यात ठेवू नये असा कायदा पेनसिल्व्हेनियात १८८५ सालीच झाला होता. तरी लहान मुले होतीच. घरात पैसे नसत. आईवडील वय वाढवून सांगत आणि मालक ते खरे मानत. हाइन यांचे फोटो पाहून पुष्कळ लोकांना वाईट वाटले. पुढे कायदे कडक झाले. आणि दगड वेगळा करणारी पाण्याची यंत्रेही आली. हळूहळू फळ्या रिकाम्या झाल्या. १९३८ साली सगळ्या अमेरिकेसाठी कायदा झाला.

म्हणजे आजी तांदूळ रोळते त्याच रीतीने ते काम झाले आणि मुले सुटली. पण नुसत्या यंत्राने सुटली नाहीत. कोणीतरी त्यांचे फोटो काढले, कोणीतरी कायदा केला, म्हणून सुटली.

आपल्या देशाच्या संविधानात चोविसावे कलम आहे. १४ वर्षांखालील मुलाला कारखान्यात, खाणीत किंवा धोक्याच्या कामावर ठेवू नये असे त्यात लिहिले आहे. ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला फुकट शिक्षण मिळावे असा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. हे गुरुजींनी परिपाठात वाचून दाखवले.

कारखान्यात नाही, पण आपल्या इकडचे काही लोक संक्रांतीनंतर तेलंगणात मिरची तोडायला जातात. गावात तेव्हा काम नसते. माझ्या बाकावरचा एक मित्र गेल्या वर्षी आईबाबांसोबत गेला. तीन महिने माझ्या शेजारची जागा रिकामी होती. परत आला तेव्हा त्याच्या बोटांची आग होत होती, आणि त्याला भागाकार येत नव्हता. ८७ ने भागायचे तर दूरच. त्याच्या आईबाबांना तो सोबत नको होता असे नाही आणि पाहिजेच होता असेही नाही. घरी कोणाजवळ ठेवायचा हाच प्रश्न होता. यंदा तो आमच्या घरी राहणार आहे. माझी आई म्हणाली, "एका पोट्ट्यानं काय होते? दोन भाकरी जास्त टाकीन." मॉडेलचा जिना त्यानेच लावला आहे. तो फार बारीक असतो आणि आम्हा कोणाला नीट बसवता आला नाही.

आमच्या वर्गात चर्चा झाली की मॉडेलच्या आत ती मुले ठेवायची का. आगकाडीचा दीड सें.मी. तुकडा कापला की माझ्याएवढा मुलगा होतो. काही जण म्हणाले ठेवू, म्हणजे पाहुण्यांना कळेल. काही जण म्हणाले नको. शेवटी असे ठरले की आत नुसत्या फळ्या ठेवायच्या. फळ्या ठेवल्या, मुले ठेवली नाहीत.

खोक्यात नसलेली दुसरी गोष्ट : ढीग

कोळसा गाडीत गेला. मग निघालेला दगड कुठे गेला? मॉडेलमध्ये त्याला जागाच नाही. खऱ्या कारखान्याजवळ मात्र दगडाचा आणि काळ्या चिखलाचा डोंगर होतो.

न्यू रिव्हर ज्या राज्यात आहे, त्याच वेस्ट व्हर्जिनियात बफेलो क्रीक नावाचा ओढा आहे. तिथे कोळसा धुऊन उरलेल्या मालाचेच बांध घालून त्यामागे काळे पाणी साठवले होते. २६ फेब्रुवारी १९७२ रोजी सकाळी, पुष्कळ पाऊस झाल्यावर, तो बांध फुटला. सुमारे ५० कोटी लिटर काळे पाणी ओढ्याच्या काठच्या वस्त्यांवर आले. १२५ माणसे मेली. चार हजारांहून जास्त लोक बेघर झाले. बांध पक्का नव्हता, नुसता कचऱ्याचा होता. त्यानंतर अशा बांधांसाठी कडक नियम झाले.

म्हणून आम्ही मॉडेलशेजारी ढीग केला. तो खोक्यातला नाही, आमचा आहे. शेतातली माती, विटेचा चुरा आणि काळा रंग कालवून तो बनवला. त्यावर 'दगडाचा ढीग' अशी चिठ्ठी लावली आहे. गुरुजी म्हणाले, कारखाना काय बनवतो ते सगळे दाखवतात. काय टाकून देतो तेही आपण दाखवू.

वाघिणीत भरलेला कोळसा खरा दगडी कोळसा आहे. तो बारीक कुटून डिंकाने चिकटवला आहे. चुलीतला चालत नाही. तो लाकडाचा असतो आणि त्याला तशी चमक नसते.

मॉडेल पाहायला येणाऱ्यांसाठी

१) मॉडेलला हात लावू नये. जिना तर मुळीच ओढू नये.
२) खाली वाकून रुळाच्या बाजूने पाहावे. वरून पाहिले तर ते खेळणे वाटते. खालून पाहिले तर कारखाना वाटतो.
३) डाव्या बाजूची तिसरी खिडकी उघडी ठेवली आहे. तिच्यातून फळ्या दिसतात. काय आहे ते कळले नाही तर चौथीच्या कोणालाही विचारावे. सर्वांना सांगता येते.
४) पालकांपैकी जे मिरचीला जाणार आहेत, त्यांनी जाण्याआधी गुरुजींना भेटावे. मुलांना इथेच ठेवायचे असेल तर काय सोय करता येईल ते सगळे मिळून पाहू, असे गुरुजींनी लिहायला सांगितले आहे. माझ्या आईनेही सांगितले आहे.

– एक विद्यार्थी, इयत्ता चौथी